घरचें आणि गांवचें : पाण्याची हद्द

नवें घर बांधावयाचें म्हटलें म्हणजे घरांतील वडील मंडळी दिशा पाहतात, तरुण मंडळी रस्ता आणि स्टेशन पाहतात, व बायका पिण्याचें पाणी कसें आहे हें विचारतात. या तिन्ही चौकशा योग्यच आहेत. परंतु जागा तळ्याकाठीं, खाडीकाठीं किंवा दलदलीजवळ असेल, तर चौथी चौकशी सर्वांच्या आधीं झाली पाहिजे. ती ही कीं, पावसाळ्यांत येथें पाणी कोठवर येतें?

आपल्या पूर्वजांनीं अशा जमिनीला निराळें नांव ठेविलें आहे. अमरकोशांत जलप्राय देशाला 'अनूप' म्हटलें आहे. आयुर्वेदानेंही देशाचे जांगल, आनूप व साधारण असे तीन प्रकार मानिले आहेत. 'अनु' आणि 'अप्' यांपासून हा शब्द साधला आहे. म्हणजे जी भूमि पाण्याला अनुसरते ती अनूप. तिची सीमा दगड रोवून ठरत नाहीं. पाणी चढतें तशी ती चढते, ओसरतें तशी ओसरते. मराठींत आपण हिला पाणथळ म्हणतों.

सध्यांचा कायदाही याच मार्गानें गेला आहे. इराणांतील रामसर येथें १९७१ सालीं पाणथळींच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला व भारत त्यांत १९८२ सालीं सामील झाला. केंद्र सरकारनें २०१० सालीं केलेल्या नियमांच्या जागीं २०१७ सालीं नवे नियम आले. त्यांप्रमाणें संरक्षित पाणथळ बुजवितां येत नाहीं, तींत कचरा टाकतां येत नाहीं, आणि तिच्या पूररेषेपासून पन्नास मीटरांच्या, म्हणजे सुमारें १६४ फुटांच्या आंत, नावांच्या धक्क्याखेरीज कोणतेंही कायमचें बांधकाम करतां येत नाहीं. हें अंतर वैशाखांतील पाण्याच्या कडेपासून मोजावयाचें नाहीं. नियम अंमलांत येण्यापूर्वींच्या दहा वर्षांत पूर जेथवर चढला, त्याच्या सरासरीपासून मोजावयाचें आहे.

येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, सरासरी म्हणजे कमाल नव्हे. एखाद्या वर्षींचा मोठा पूर सरासरींत लपून जातो. घराच्या जोत्यापासून मात्र तो लपत नाहीं. दुसरी ही कीं, हे नियम रामसरच्या यादींतील व सरकारनें जाहीर केलेल्या पाणथळींनाच लागू आहेत. नदीचें पात्र, भातखाचरें, आणि पिण्याच्या पाण्यासाठीं किंवा सिंचनासाठीं बांधलेले तलाव त्यांत येत नाहींत. वनें, अभयारण्यें व समुद्रकिनारा यांना निराळे कायदे आहेत. उपग्रहाच्या नकाशांवरून नोंदलेल्या २,०१,५०३ पाणथळींना २०१० च्या नियमांतील निर्बंधांचें तत्त्व लावावें, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं दिला. खाडीकाठच्या कांदळवनाभोंवतींही पन्नास मीटरांत बांधकाम होऊं नये, असें मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं सांगितलें.

इतका बंदोबस्त कशासाठीं, असें कोणी विचारील. जुन्या घराला ओसरी असे. चार पाहुणे अवचित आले तर ते ओसरीवर सामावत. तीच ओसरी भिंती घालून बंद केली, तर पाहुणे थेट माजघरांत येणार. पाणथळ ही गांवाची ओसरी होय. मुंबईंत मिठी नदीच्या कांठची दलदल अनेक वर्षें भराव घालून बुजविली गेली. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यांत समुद्राची भरती आली, आणि पाण्यानें माजघर गांठलें. शेंकडों माणसें दगावलीं. तो पाऊस विलक्षण होता हें खरें. पण पाण्याला थांबावयास जागा आपणच उरूं दिली नव्हती, हेंही तितकेंच खरें.

भराव घालून आपलें जोतें उंच केलें म्हणजे काम भागलें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु हटविलेलें पाणी नाहींसें होत नाहीं; तें शेजाऱ्याच्या ओट्यावर जातें. बहुधा तो शेजारी आपल्याहून गरीब असतो.

म्हणून एकत्र कुटुंबाची पुंजी अशा जागेंत घालण्यापूर्वीं ती जागा श्रावणांत एकदां पाहून यावी. तेथील कोळी, गुराखी व म्हातारे शेतकरी यांना पुराची खूण विचारावी. सातबारा व विकास आराखडा पाहावा. जागा संरक्षित पाणथळीच्या पट्ट्यांत येते कीं नाहीं, हें सरकारी कचेरींतून लेखी मागावें. विकणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबूं नये. कायद्याची रेषा ही कमींत कमी मर्यादा समजावी, आणि स्वतःचें घर तिच्याही मागें घ्यावें. तळें यादींत नसलें तर कायदा कदाचित् आड येणार नाहीं. पाणी मात्र यादी पाहून चढत नाहीं.