फोटो आपले, भाडं कशाला?

हौशी माणसाने फोटो सांभाळायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं असं विचारलं की जाणकार मंडळी हमखास लाइटरूम सांगतात. का हो? एकरकमी विकत मिळणारी आवृत्ती पुन्हा निघणार नाही, असं ॲडोबने २०१७ मध्येच जाहीर केलं. आता वर्गणी. चवथीची माटोळी नि गावचे धालो टिपणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाने जन्मभर भाडं भरत बसायचं?

फुकटाचंही कौतुक मला सांगू नका. गूगलने २०१६ मध्ये पिकासा बंद केलं, २०२१ मध्ये गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवणही संपवली.

डिजिकॅम घ्या. फुकट आहे आणि मुक्त स्रोत आहे. विंडोज, लिनक्स, मॅक, सगळीकडे चालतं. दिसायला ओबडधोबड, असू दे! टॅग आणि मथळे फोटोच्या फाइलमध्येच लिहायची सोय त्यात आहे, ती पहिल्याच दिवशी तपासून चालू करा. नावं देवनागरीत लिहा. धालोतल्या म्हाताऱ्या कोण कोण, हे वीस वर्षांनी कोण सांगणार? नावं फाइलमध्ये असली की उद्या दुसरं सॉफ्टवेअर घेतलं तरी ती वाचता येतात. वाचलेल्या वर्गणीत दोन हार्ड डिस्क घ्या. एक भावाच्या घरी ठेवा.