शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर

सकाळची प्रार्थना आटोपून वर्ग सुरू होण्यापूर्वीं एखादा विद्यार्थी शिक्षकांच्या टेबलाशीं येऊन घुटमळतो, आणि इतरांस ऐकूं जाऊं नये अशा आवाजांत सांगतो कीं, उद्यां आमच्या आईचें ऑपरेशन आहे, किंवा आजोबांना धुळ्यास नेलें आहे, त्यांच्यासाठीं प्रार्थना करा. मूल हिंदु असो, मुसलमान असो वा ख्रिस्ती असो, विनंति तीच असते, आणि बहुधा तिच्यामागून एक प्रश्नही येतो : "सर, प्रार्थना केली म्हणजे आई नक्की बरी होईल ना?" या प्रश्नास आम्हां वडील माणसांच्या तोंडून "हो बाळ, देव सगळें बरें करील" असें उत्तर सहज निघून जातें. तें प्रेमाचें असतें यांत शंका नाहीं. तें खरें असतें काय, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ज्या मुलास हें उत्तर दिलें त्याची आई जर परत आली नाहीं, तर त्यानें काय समजावें? आपली प्रार्थना कमी पडली? आपण खोटें बोललों, अभ्यास चुकविला, म्हणून देवानें ऐकलें नाहीं? आमच्या मतें कोंवळ्या मनावर असें ओझें ठेवणें ही श्रद्धा नव्हे, हा श्रद्धेच्या नांवाखालीं केलेला सौदा आहे. आणि सौदा फिसकटला कीं दोष कोणाच्या तरी माथीं मारावा लागतो. नवस बोलणाऱ्या घरांतूनही हेंच घडतें. धुळ्याच्या एकवीरादेवीस किंवा यावलकडील मनुदेवीस नवस बोलून बसलेल्या घरांत रोगी दगावला, तर चार दिवसांनीं ‘कोणाचें तरी कांहीं तरी चुकलें’ अशी कुजबूज सुरू होते, आणि तें चुकलेलें माणूस बहुधा घरची सूनच निघतें. ख्रिस्ती घरांत नवस नसतो. पण ‘विश्वास उणा पडला’ हे शब्द तेथेंही आम्हीं ऐकिले आहेत, आणि ते नवसाइतकेच निष्ठुर आहेत.

शुभवर्तमानांत जन्मांधाची गोष्ट आहे. पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें, असें शिष्यांनीं विचारलें असतां प्रभूनें दोन्ही पर्याय नाकारले. आणि गेथशेमानेच्या बागेंतील रात्र तर सर्वांस ठाऊकच आहे. पुढील यातना टळाव्या अशी प्रार्थना स्वतः ख्रिस्तानें केली. त्या टळल्या नाहींत. त्याची श्रद्धा उणी होती असें म्हणण्याचें धाडस कोणी करील काय? त्या रात्रीं त्यानें मित्रांकडे जें मागितलें तें फार थोडें होतें : माझ्याबरोबर जागे राहा, एवढेंच. तेवढेंही त्यांच्यानें झालें नाहीं. ते झोंपले. रुग्णालयांतील बांकावर रात्र काढणाऱ्या माणसानें या गोष्टीकडे पाहावें असें आम्हांस वाटतें. कारण शस्त्रक्रियागृहाच्या बंद दाराबाहेर आपल्या हातीं उरतें तें हेंच, जागें राहणें.

प्रार्थनेचें मोजमाप करण्याचाही एक मोठा प्रयत्न झाला आहे, आणि आमच्यासारख्या मिशनच्या शाळेच्या अंकानें तो वाचकांपासून लपवून ठेवूं नये. अमेरिकेंतील सहा रुग्णालयांत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रोग्यांचे तीन गट करण्यांत आले. पहिल्या दोन गटांस ‘तुमच्यासाठीं प्रार्थना होईल किंवा होणारही नाहीं’ असें सांगितलें. त्यांपैकीं एकासाठीं ती झाली, दुसऱ्यासाठीं झाली नाहीं. तिसऱ्या गटास ती नक्की होणार असें सांगितलें आणि तीही झाली. २००६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर कांहीं ना कांहीं उपद्रव झालेल्यांचें प्रमाण प्रार्थना झालेल्या पहिल्या गटांत शेंकडा ५२, न झालेल्या गटांत ५१, आणि आपणांसाठीं प्रार्थना चालू आहे हें ज्यांस पक्कें ठाऊक होतें त्यांच्यांत ५९ निघालें. शेवटचा आंकडा वाचून मनुष्य चपापतो. ‘आपली प्रकृति इतकी का बिघडली आहे, कीं परक्या लोकांस प्रार्थनेस बसवावें लागलें?’ अशा धास्तीनें तसें झालें असावें, असा एक तर्क पुढें आला.

आमच्या कांहीं श्रद्धाळू मित्रांस या आंकड्यांनीं वाईट वाटलें. आम्हांस तसें वाटलें नाहीं. प्रार्थना ही औषधाची मात्रा आहे आणि दोन वेळां दिली म्हणजे अमुक इतका गुण येतो, असें आम्हीं कधीं मानलेंच नव्हतें. आई आजारी असतां मूल तिचा हात धरून बसतें, तें ताप उतरावा म्हणून बसत नाहीं. त्यास दुसरीकडे कोठें बसवतच नाहीं, म्हणून बसतें.

महाराष्ट्रांतच घडलेला एक प्रसंग या ठिकाणीं आठवतो. १९२४ सालच्या जानेवारींत महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगांत शिक्षा भोगीत असतां आजारी पडले. पुण्याचे सर्जन कर्नल मॅडॉक यांनीं आंत्रपुच्छास सूज आल्याचें निदान केलें, आणि १२ जानेवारीस त्यांस ससून रुग्णालयांत आणण्यांत आलें. शस्त्रक्रिया त्याच रात्रीं करणें भाग होतें. मुंबईच्या ज्या डॉक्टरांवर गांधींचा भरंवसा होता, त्यांस येऊन पोहोंचण्यास अवधि नव्हता. ज्या सरकारनें त्यांस तुरुंगांत घातलें, त्याच सरकारच्या नोकरींतील इंग्रज सर्जनच्या हातीं देह सोंपवावयाचा होता. शिवाय १९०९ सालच्या ‘हिंद स्वराज्य’ या पुस्तकांत डॉक्टरी धंद्यावर गांधींनीं कडक टीका केलेली. असें असतां त्यांनीं सर्जनवर आपला विश्वास असल्याचें लिहून दिलें व थरथरत्या हातानें त्यावर सही केली. श्रीनिवास शास्त्री त्या वेळीं त्यांच्याजवळ होते. शस्त्रक्रिया चालू असतांना वादळानें वीज गेली. परिचारिकेच्या हातांतील विजेरीही विझली. शेवटीं साध्या कंदिलाच्या उजेडांत काम पुरें करावें लागलें. तें नीट पार पडलें, आणि ५ फेब्रुवारीस सरकारनें गांधींस बिनशर्त मुक्त केलें.

या हकीकतींत आम्हांस महत्त्वाची वाटते ती ती सही. आमच्याकडे संमतिपत्राचा कागद पुढें आला कीं घरांत रडारड होते. जणु तो मृत्युलेखच आहे. मामा म्हणतात काकांनीं सही करावी, काका म्हणतात थोरल्या जांवयाची वाट पाहूं, आणि जांवई सुरतेहून निघालेले असतात. तेवढ्यांत दोन तास जातात, आणि आंतड्याच्या दुखण्यांत दोन तास ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. ज्याची शस्त्रक्रिया व्हावयाची तो शुद्धीवर असेल तर कागद त्याचा आहे. डॉक्टरांनीं त्यास समजावून सांगावें आणि सही त्यानें करावी. दुसऱ्या मनुष्याच्या कौशल्यावर विसंबणें हीही श्रद्धाच आहे, आणि देवावरील श्रद्धेशीं तिचें कांहीं वैर नाहीं. मिशनच्या इस्पितळांत शस्त्रक्रियेपूर्वीं प्रार्थना करण्याची चाल आहे. मिरजेस डॉ. वान्लेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उघडलें, तेथें दूरदूरचे रोगी येत. ते डॉक्टरांची प्रार्थना पाहून येत असतील, पण चाकूवरील हात पाहूनही खासच येत. अलीकडे तर देवाचें नांव न घेतांही असें थांबणें शास्त्रानें आवश्यक मानलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं एक सूची तयार केली. तिच्याप्रमाणें छेद देण्यापूर्वीं सर्वांनीं क्षणभर थांबून आपापलें नांव, रोग्याचें नांव व शस्त्रक्रियेची जागा मोठ्यानें सांगावयाची असते. दिल्लीसह आठ शहरांत ही रीत घातल्यावर मृत्यूचें प्रमाण शेंकडा १.५ वरून ०.८ वर आलें. बंद दाराआड चाललेलें हें काम बाहेरच्या माणसास दिसत नाहीं. तें चाललें आहे हें त्यास ठाऊक मात्र असावें.

आतां दाराबाहेरच्या लोकांविषयीं. आमच्या खानदेशांत माया उदंड आहे. अमळनेर, चोपडें, शिरपूर, साक्री येथून नातलग डबे घेऊन येतात. एका रोग्यामागें पंधरा माणसें ही गोष्ट नवलाची नाहीं. त्या मायेस आमचा विरोध नाहीं. पण तिच्या हातून कधीं कधीं भलतेंच घडतें. शस्त्रक्रियेच्या सकाळीं रोग्यास उपाशी ठेवितात, आणि आजीबाईंना तें पाहवत नाहीं. "घोटभर चहानें काय होतें?" म्हणून चहा दिला जातो, नाहीं तर देवाचें तीर्थ, प्रसादाचा पेढा, दुवा मागून आणलेलें पाणी परिचारिकेची पाठ वळतांच तोंडांत जातें. भूल दिली म्हणजे घशाची स्वाभाविक राखण नाहींशी होते. पोटांतलें अन्न वर येऊन फुप्फुसांत उतरूं शकतें, आणि त्यानें मनुष्य दगावूंही शकतो. यासाठीं अन्न साधारण सहा तास आधीं बंद करितात. पाणी केव्हांपासून बंद, तें भूल देणारे डॉक्टर सांगतील. अंगारा कपाळास लावावा, प्रसाद उशाशीं ठेवावा, पेढा शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर खाऊं देतील त्या दिवशीं द्यावा. कोणताही देव तेवढें थांबेल.

त्याच पंधरा माणसांस रक्त देण्याविषयीं विचारलें कीं बांक रिकामें होतें. हें लिहितांना आम्हांस संकोच वाटतो, पण पाहिलेलें लिहिणें प्राप्त आहे. १८ ते ६५ वर्षांच्या निरोगी मनुष्यास रक्त देतां येतें. एका वेळीं घेतात तें ३५० किंवा ४५० मिलिलिटर. पुरुषास तीन महिन्यांनीं व स्त्रीस चार महिन्यांनीं पुन्हां देतां येतें. ‘रक्त दिल्यानें अशक्तपणा येतो व जन्मभर राहतो’ ही समजूत निराधार आहे. देवापुढें अकरा नारळ फोडण्याचा संकल्प ज्यानें केला, त्यानें आधीं रक्तपेढींत जाऊन यावें. नारळ मागाहून फोडावे.

आणखी एक लहानशी गोष्ट. ‘दोन तासांचें ऑपरेशन’ असें डॉक्टर म्हणाले म्हणजे घरचीं माणसें घड्याळाकडे पाहूं लागतात, आणि दोनाचे चार झाले कीं त्यांचा धीर सुटतो. आंत नेल्यावर भूल देणें, तयारी करणें आणि मागाहून शुद्धीवर येईपर्यंत नजरेखालीं ठेवणें, यांस निराळा वेळ लागतो. हें कोणी आगाऊ सांगितलें तर अर्धी घालमेल वांचेल. घरांतील एकानेंच परिचारिकेस विचारावें आणि बाकीच्यांनीं त्याला विचारावें. ज्यास प्रार्थना येते त्यानें ती करावी, ज्यास जपमाळ येते त्यानें ती ओढावी, आणि ज्यास यांपैकीं कांहींच येत नाहीं त्यानें चहा आणावा. चहा आणणाराचीही त्या बांकावर मोठी गरज असते.

पूर्वीं खानदेशांतून अवघड शस्त्रक्रियेसाठीं रोग्यास मुंबईस न्यावें लागे, आणि मागें राहिलेल्या घरास तारेची वाट पाहावी लागे. आतां धुळ्यास सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगांवास २०१८ सालीं तें झालें. अंतर कमी झालें. पण मुलास घरीं ठेवून ‘आई मामाकडे गेली आहे’ असें सांगण्याची रीत मात्र कायम आहे. तीस आमचा स्पष्ट विरोध आहे. दहाबारा वर्षांच्या मुलास घरांतील कुजबूज कळते. त्यास कळत नाहीं तें इतकेंच, कीं आपणांस कोणी विश्वासांत का घेत नाहीं. त्यास सांगावें : आईच्या पोटांत गांठ आहे, डॉक्टर ती काढणार आहेत, त्यांस काम चांगलें येतें, तरी धोका थोडा असतो, आणि आम्हांलाही भीति वाटते. हें शेवटचें वाक्य बोलण्यास बापास जड जातें. तेंच मुलास सर्वांत अधिक धीर देतें, असा आमचा अनुभव आहे.

धुळ्याच्या तुरुंगांत १९३२ सालीं विनोबांनीं दर रविवारीं गीतेवर प्रवचनें दिलीं, आणि खानदेशचे शिक्षक साने गुरुजी यांनीं तीं तेथेंच उतरून घेतलीं. आपलें कर्म पूर्ण करून फळावरचा हक्क सोडावा, ही गीतेची शिकवण आपण शाळेंत पाठ म्हणून ऐकतों. बंद दाराबाहेरच्या बांकावर तिचा अर्थ पुस्तकापेक्षां लवकर कळतो : सही केली, रक्त दिलें, रोग्यास उपाशी ठेविलें, डॉक्टर चांगला पाहिला, आणि आतां आपल्या हातीं कांहीं नाहीं. गेथशेमानेच्या बागेंतही निराळें कांहीं नव्हतें.

तेव्हां टेबलाशीं घुटमळणाऱ्या त्या मुलास आम्ही यापुढें "नक्की बरी होईल" असें सांगणार नाहीं. "आम्हांलाही तसेंच व्हावें असें वाटतें, आपण मिळून मागूं, आणि कांहींही झालें तरी तूं एकटा नाहींस," एवढें सांगूं. मुख्याध्यापकांस आमची एक विनंतिही आहे. घरांत मोठी शस्त्रक्रिया असेल त्या दिवशीं विद्यार्थ्यास पालकांच्या नुसत्या शब्दावर रजा मिळावी, आणि ती परीक्षेच्या आठवड्यांतही मिळावी. त्यास बांकावर बसूं द्यावें. तो परत आला म्हणजे "कशी आहे आई?" असें वर्गांत सर्वांदेखत विचारूं नये, मधल्या सुटींत, बाजूस घेऊन विचारावें.