आंतरराष्ट्रीय राजकारण आणि वसईची साक्ष

देशादेशांतल्या संबंधांचे शास्त्र पश्चिमेने घडवले, असे आपल्याकडे आजही बिनदिक्कत शिकवले जाते. १६४८ च्या वेस्टफेलियाच्या तहापासून कथा सुरू होते. १९१९ मध्ये वेल्समधल्या ॲबरिस्टविथला या विषयाचे पहिले अध्यासन निघते. बुद्ध, अशोक, कौटिल्य यांची बोळवण मात्र ‘अध्यात्म’ किंवा ‘प्राचीन इतिहास’ या खात्यांत होते. पूजेला ठीक, धोरणाला निरुपयोगी, असा हा पूर्वपक्ष आहे.

तो वसईतल्या पापडी गावाच्या आसपासच कोलमडतो. पापडीच्या उत्तरेला सोपारा आहे, दक्षिणेला वसईचा किल्ला. सोपारा हे प्राचीन बंदर. तिथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. १९५६ मध्ये भुईगावात नवव्याचा मिळाला. आठव्या लेखात अशोक सांगतो, की आधीचे राजे शिकारीच्या सहलींना निघत. आपण धर्मयात्रा सुरू केल्या, वृद्धांना दान देण्यासाठी आणि गावोगावच्या लोकांशी बोलण्यासाठी. याच मालिकेतल्या तेराव्या लेखात कलिंगातल्या एक लाख मृतांची आणि दीड लाख देशोधडीला लागलेल्यांची उघड कबुली आहे. पलीकडच्या ग्रीक राजांची नावे आहेत, आणि पश्चात्ताप झाला तरी सामर्थ्य शाबूत आहे, असा अरण्यातल्या टोळ्यांना इशाराही आहे. याला भाबडे अध्यात्म कसे म्हणायचे? ही राज्यकर्त्याने जाहीरपणे मांडलेली भूमिका आहे.

दुसरा पुरावा मराठा राज्याचे अमात्य रामचंद्रपंत यांच्या आज्ञापत्राचा. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या या ग्रंथात टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, स्वतंत्र विवेचन आहे. हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्यामागे राजे आहेत. यांना खाडीच्या मुखाशी किंवा समुद्रकाठी वखारीला जागा देऊ नये, द्यायचीच तर आत, असे अमात्य बजावतात. व्यापाराआडून येणारी सत्ता इतकी नेमकी ओळखणाऱ्याला राजनीती कळत नव्हती, असे कोण म्हणेल?

पण दुसऱ्या टोकाचेही खंडन केले पाहिजे. ‘आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ म्हणत छाती फुगवणारे आणि ‘वसुधैव कुटुंबकम्’ फलकावर लिहून मोकळे होणारे परंपरेची सेवा करत नाहीत. आज्ञापत्र होते, तरीही ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीराव पेशव्याने याच वसईत इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. ग्रंथ घरात असून राज्य गेले. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारत-चीन करारातल्या पंचशीलाबाबत उक्ती आणि कृतीतल्या याच अंतरावर बोट ठेवले: चीनच्या माओंना पंचशील खरोखर मान्य असते, तर त्यांनी आपल्या देशातल्या बौद्धांना वेगळे वागवले असते. बुद्धाला मानणाऱ्या माणसाचा हा आक्षेप आहे. म्हणून तो अधिक वजनाचा आहे.

तेव्हा मंडन एवढेच: परंपरेची परीक्षा आचरणात होते, आणि खरी परीक्षा हाती विजय असताना होते. मे १७३९ मध्ये मराठा सेनापती चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. पोर्तुगीजांच्या धार्मिक जुलमाची चीड होती, वेढ्यात मराठ्यांची हजारो माणसे पडली होती. सूड घ्यायला निमित्त कमी नव्हते. तरीही तहाच्या अटींनुसार पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह सन्मानाने जाऊ दिले गेले, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मुभा मिळाली. युद्धात आणि त्यानंतर चर्चची हानी झाली, हे नाकारायचे कारण नाही. पण हा समाज उखडला गेला नाही. आज तो मराठीत उपासना करतो, मराठी साहित्यात मानाने वावरतो, आणि पापडीचे कृपामाता चर्च १९९८ मध्ये स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांताचे मुख्य मंदिर आहे. जिंकणाऱ्याने हरलेल्याशी कसे वागावे, या प्रश्नाला पश्चिमेच्या पुस्तकांइतकेच उत्तर या भूमीतही आहे.

आपल्या विद्यापीठांनी वेस्टफेलियाशेजारी सोपाऱ्याचा लेख, आज्ञापत्र आणि १७३९ च्या अटी अभ्यासक्रमात लावाव्यात. १८०२ चा तहही लावावा, म्हणजे अभिमानाला लगाम राहील. आणि दिल्लीत ज्यांना या परंपरेचे नाव घ्यायचे आहे, त्यांनी दुबळ्या शेजाऱ्यांशी आणि आश्रयाला आलेल्यांशी तसे वागून दाखवावे. तेवढे जमत नसेल, तर परंपरेचे नाव घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.