गाडीचं वय नको, वही बघा

जुनी पिकअप दिसली की "भंगारात घाला" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. सध्या पोस्टिंग भिलाईला आहे. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी इथली पहिली झोतभट्टी सुरू केली. निदान या गावात तरी पोलादाची किंमत कळायला हवी. झोतभट्टीच्या रीतीनं एक टन पोलाद करताना साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. नवी गाडी शोरूममधून निघते तेव्हा हा हिशेब कुणीच मांडत नाही.

धमध्याकडून पहाटे टोमॅटोचे क्रेट घेऊन येणाऱ्या पिकअप बघा. त्यातल्या बऱ्याच जुन्या आहेत. हप्ते केव्हाच फिटलेत, म्हणून भाव पडला तरी गाडीवाला कमी भाड्यात माल आणतो. नव्या गाडीचा हप्ता टोमॅटोचा भाव विचारून येत नाही.

2021 च्या स्क्रॅपिंग धोरणात तपासणीत नापास झालेली गाडी मोडीत काढायची, असं आहे. ते पटतं. पण 1 एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीचं फिटनेस शुल्क कित्येक पटींनी वाढवलं. मग जपून ठेवलेल्या गाडीलाही वयाचा दंड बसतोच ना? पुढच्या वर्षी 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द झाली, मात्र संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेच्या खास वाहनांना सूट मिळाली. म्हणजे पंधरावं वर्ष हा यंत्राचा शेवट नव्हे, हे सरकारलाही ठाऊक आहे.

फौजेत गाडी निघण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत हॉल्ट परेड, परतल्यावर लास्ट परेड. ऑइल, पाणी, टायर, नटबोल्ट बघायचे आणि नोंद करायची. माझी 2009 ची पिकअप गावी भाऊ चालवतो. तिचीही वही आहे. ऑइल कधी बदललं, ग्रीस कधी मारलं, क्लच प्लेट किती किलोमीटरला टाकली, सगळं त्यात आहे.

आता आपल्याच लोकांना दोन शब्द. "चालतेय ना" म्हणत दुप्पट माल भरून पाटे मोडायचे, लायनरचे रिव्हेट ड्रमला घासेपर्यंत ब्रेक बघायचे नाहीत, चेसिसचा गंज रंगाखाली लपवायचा, काळा धूर सोडत बाजारातून जायचं. अशी गाडी सहा वर्षांची असली तरी रस्त्यावरून उचला. जुन्या डिझेल इंजिनाला भारत स्टेज 6 सारखा धुराचा फिल्टर नसतो, हेही खरं. दाट वस्तीत त्यांना बंदी घाला, माझी हरकत नाही.

पण बाकी ठिकाणी मशीनवर ब्रेक तपासा, धूर मोजा, चेसिसखाली वाकून बघा. शुल्क सगळ्यांना सारखं ठेवा. नापास झाली तर दुरुस्तीची एक संधी द्या, पुन्हा नापास झाली तर खुशाल कापा. जी पास होते तिला पोटापाण्याची कमाई करू द्या.