लघवीची घाई आणि तिच्यावरील गोळ्या

अतिक्रियाशील मूत्राशयासाठी सवयींत करावयाच्या बदलांचा विचार आपण मागील अंकात केला. चहा आवरता घेणे, ठरावीक अंतराने लघवीला जाणे, ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचा व्यायाम करणे, हे सहा-आठ आठवडे नेटाने करूनही ज्यांची घाई आटोक्यात येत नाही, त्यांना डॉक्टर गोळी सुचवतात. ती घेण्यात कमीपणा मुळीच नाही. कपडे ओले होतील या धास्तीने ज्यांनी कीर्तनाला जाणे सोडले, एस.टी.चा प्रवास सोडला, त्यांना ती पुन्हा घराबाहेर काढू शकते. मात्र या गोळीचे काम मूत्राशयापुरते थांबत नाही, हे घेणाऱ्याने, आणि विशेषतः शुश्रूषा करणाऱ्याने, आधीच जाणून घ्यावे.

मूत्राशयाच्या भिंतीचा स्नायू आकुंचन पावतो तो अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रासायनिक दूताच्या निरोपामुळे. ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सॉलिफेनासिन, डॅरिफेनासिन ही औषधे तो निरोप पोहोचू देत नाहीत. स्नायू सैल राहतो. पण हाच दूत तोंडात लाळ आणतो, आतड्यांना चालना देतो, त्वचेला घाम आणतो आणि मेंदूत स्मरणाच्या कामी येतो. म्हणून तोंडाला कोरड पडते, शौचास खडा होतो, जवळचे अक्षर पुसट दिसते. कोरडेपणामुळे कवळी हिरड्यांना घासू लागते. शिवाय कोरड पडली म्हणून तांब्याभर पाणी प्यावे, तर ज्या घाईसाठी गोळी घेतली तीच वाढते. तोंड ओले होईल एवढा घोट पुरे. घाम कमी येत असल्याने वैशाखातल्या उन्हात, विदर्भ-मराठवाड्यात तर विशेषच, अशा व्यक्तीला भर दुपारी बाहेर पाठवू नये.

याहून गंभीर गोष्ट मेंदूची. एरवी नीट बोलणारे आजोबा एकाएकी वार विसरू लागले, रात्री बरळू लागले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. गेल्या काही आठवड्यांत कोणती गोळी नवी सुरू झाली ते पाहा. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे ६५ वर्षे व त्यापुढील ३,४३४ व्यक्तींच्या पाहणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. या गुणधर्माची औषधे अधिक प्रमाणात, दीर्घकाळ घेतलेल्यांत स्मृतिभ्रंश जास्त आढळला. औषधानेच तो झाला, असे त्यातून सिद्ध होत नाही. परंतु सावध होण्यास तेवढे पुरेसे आहे.

आणि हा भार एकाच गोळीचा नसतो. सर्दीवरील क्लोरफेनिरामिन, खाजेवरील हायड्रॉक्सिझिन, पोटातील मुरड्यावरील डायसायक्लोमिन, नसांच्या वेदनेसाठी रात्री दिले जाणारे अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही सारी त्याच दूताला अडवतात. त्यांतील काही तर आपण दुकानातून सहज मागून आणतो. उलट प्रकारही घडतो. विस्मरणासाठी दिले जाणारे डोनेपेझिल याच दूताचे बळ वाढवते. त्यामुळे लघवीची घाई होऊ शकते. मग त्या घाईसाठी दुसरे डॉक्टर दूताला अडवणारी गोळी देतात आणि दोन औषधे एकमेकांचा परिणाम पुसत बसतात. म्हणून प्रत्येक डॉक्टरांकडे जाताना सगळी औषधे पिशवीत घालून न्यावीत.

मिराबेग्रॉन या औषधाची वाट वेगळी आहे. अमेरिकेत त्याला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. ते त्या दूताच्या वाटेला जात नाही, मूत्राशय भरताना स्नायूला सैल होण्यास मदत करते. कोरड आणि बद्धकोष्ठाचा त्रास बराच कमी होतो. आधीच चार-पाच औषधे घेणाऱ्या वृद्धांसाठी या पर्यायाविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे, असे आम्हांस वाटते. ते रक्तदाब मात्र वाढवू शकते. दाब १८०/११० किंवा त्याहून अधिक असेल आणि आटोक्यात नसेल, तर ते देत नाहीत. मेटोप्रोलॉल वा डिगॉक्सिन चालू असल्यास तेही सांगावे, कारण त्यांचे रक्तातील प्रमाण वाढते.

कोणतीही गोळी सुरू करण्यापूर्वी लघवीची तपासणी आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते याची सोनोग्राफी व्हावी. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत तर ती टाळूच नये. कोन बंद होणारा काचबिंदू असल्यास दूताला अडवणारी औषधे वर्ज्य समजावीत. पूर्ण गुण दिसण्यास साधारण चार आठवडे लागतात, तोवर अधीर होऊन मात्रा वाढवू नये. गोळी चालू असता लघवी अजिबात होईनाशी झाली आणि ओटीपोट फुगून दुखू लागले, तर सकाळपर्यंत थांबू नये. त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.