वाफेचा रोलर आणि कोळशाचा प्रश्न



उन्हाळा आला की इंग्लंडात गावोगावच्या कुरणांवर वाफेच्या यंत्रांचे मेळे भरतात. इथे नव्याने आलेल्यांना मी दरवेळी सांगतो, मुलांना घेऊन एकदा जाच. म्युझियममध्ये दोरीपलीकडचा थंडगार रोलर बघणं वेगळं आणि दहा टनी धूड शिट्टी मारत समोरून येणं वेगळं!

तिथे 'पोर्टेबल' इंजिनंही दिसतील. नाव जरा फसवंच. चाकं आहेत, पण स्वतःहून चालत नाही. घोड्यांनी शेतात ओढून न्यायचं, पट्टा चढवायचा आणि मळणीयंत्र फिरवायचं. बॉयलर म्हणजे आपल्या न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाचा थोरला भाऊ, फक्त आडवा, आणि धुराची एक नळी नसून पाण्यातून गेलेल्या कित्येक. केंटच्या थॉमस ॲव्हलिंगला हा प्रकार हास्यास्पद वाटे : शिडाच्या गलबतांनी आगबोट ओढावी तसा! १८५९ साली त्याने साखळी जोडून इंजिनालाच चालतं केलं. पुढे रोचेस्टरच्या ॲव्हलिंग अँड पोर्टरचे रोलर जगभर गेले. पुढच्या बाजूला मागच्या पायांवर उभा पितळी घोडा दिसला की समजा, त्यांचाच.

आणि बरं का, वाफेच्या रोलरच्या अगदी सुरुवातीच्या आराखड्यांपैकी एक १८६३ मधला, चक्क कलकत्त्याच्या रस्त्यांसाठी. तिथले म्युनिसिपल इंजिनिअर क्लार्क आणि बर्मिंगहॅमचे बॅथो यांनी केलेला.

जतनाचा नाद मात्र लागला तो एका पैजेतून. १९५० साली ॲपलफर्डला दोघा इंजिनमालकांनी बिअरच्या पिंपासाठी शर्यत लावली! मग लोक भंगारातली इंजिनं घरी आणू लागले. बोल्टनच्या फ्रेड डिब्नाने रोलर दुरुस्त करण्यात वर्षानुवर्षं घातली आणि त्याला बायकोचं, ॲलिसनचं, नाव दिलं. घटस्फोटानंतर नाव बदलून आईचं ठेवलं, बेट्सी. (यावर आमच्या सौ.ची टिप्पणी छापण्याजोगी नाही.)

असो. मुद्दा वेगळाच आहे. दहाला निघायचं तर आग सकाळी सातच्या आतच पेटवावी लागते. पाण्याच्या काचेवरून नजर हटवायची नाही. भट्टीच्या छतात शिसं भरलेला प्लग असतो. पाणी खाली गेलं की शिसं वितळतं आणि वाफ भट्टीत शिरून धोक्याची सूचना देते. ती वेळ येणं म्हणजे चालकाची नामुष्की. हे पुस्तकात वाचून येत नाही, शेजारी उभं राहून शिकावं लागतं. मेळ्यांत मला शेजारी उभी राहणारी तरुण पोरं कमीच दिसतात.

दुसरी अडचण कोळशाची. मर्थर टिडफिलजवळची फॉस-इ-फ्रान खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली आणि वेल्सचा हक्काचा कोळसा गेला. आता परदेशातून येतो, महाग. त्याआधीच, खर्च परवडेना म्हणून १९६९ पासूनचा डॉर्सेटचा प्रचंड मेळा २०२३ साली भरलाच नव्हता.

आमच्या घरात यावरून वाद आहे. मुलगी म्हणते, "बाबा, हौसेसाठी कोळसा कशाला जाळायचा? ठेवा म्युझियममध्ये." तिचं अगदीच चूक नाही. पण वर्षातून चार शनिवार निघणारा धूर तो किती! आणि दहा वर्षं आग न पेटवलेला रोलर म्हणजे रंगवलेलं लोखंड. बेअरिंगला तेल किती, फावडं कुठे टाकायचं, हे माणसांच्या हातात असतं, ती माणसं गेली की गेलं. इंजिनिअर म्हणून मला तरी हे सोसवत नाही.

तूर्त तडजोड म्हणून कोळशाच्या भुकटीत ऑलिव्हच्या बियांचा चुरा दाबून केलेले गोळे वापरून पाहताहेत. शेगडीसाठी आई अंगणात कोळशाच्या भुकटीचे गोळे वाळत घालायची, थेट तसेच! मागच्या मेळ्यात एका म्हाताऱ्या चालकाला विचारलं, कसे जळतात? तो म्हणाला, धूर कमी, पण फावडं जास्त वेळा मारावं लागतं. आणि फावडं माझ्या मुलीच्या हातात दिलं. तिने अर्धा तास भट्टी सांभाळली.

वाद अजून मिटलेला नाही. पुढच्या मेळ्याची तारीख मात्र तिनेच काढून ठेवली आहे.