समजून घ्या : पोप कधीच चुकत नाहीत? १८७०चा ठराव नेमका काय सांगतो

'पोप कधीच चुकत नाहीत, असं कॅथलिक मानतात' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ते अर्धंच खरं आहे.

ठराव काय?
पोप नववे पायस यांनी बोलावलेल्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेत १८ जुलै १८७० रोजी हा ठराव झाला. सर्व ख्रिस्ती जनांचे गुरू या नात्यानं पोप श्रद्धा किंवा नीतीबाबतची शिकवण संपूर्ण चर्चसाठी अंतिम म्हणून जाहीर करतात, तेव्हाच ती अचूक मानली जाते. मुलाखतीतलं किंवा राजकारणावरचं मत यात येत नाही. त्यानंतर हा अधिकार उघडपणे एकदाच वापरला गेला. १९५० मध्ये बारावे पायस यांनी मरियेचं सदेह स्वर्गारोहण हा धर्मसिद्धांत म्हणून जाहीर केला.

मग वाद कशाचा?
१३ जुलैच्या प्राथमिक मतदानात ४५१ बाजूनं, ८८ विरोधात, तर ६२ जण दुरुस्तीच्या अटीवर बाजूनं होते. अंतिम मतदान मात्र ५३३ विरुद्ध २! कारण विरोधातले बरेच बिशप त्याआधीच रोम सोडून गेले होते.

त्यांच्या शंकेला इतिहासाचा आधार होता. ६८०-८१ च्या परिषदेनं दिवंगत पोप होनोरियस यांना दोषी ठरवलं होतं. समर्थकांच्या मते, होनोरियस यांनी अंतिम शिकवण जाहीर केलीच नव्हती. पुढे एकाच वेळी तिघे जण पोपपदावर दावा सांगत होते, तेव्हा तो तिढा कॉन्स्टन्सच्या परिषदेनं (१४१४-१८) सोडवला.

खरी मेख कुठे?
ठरावात म्हटलंय, की अशी शिकवण चर्चच्या संमतीमुळे नव्हे, तर स्वतःच्याच बळावर अपरिवर्तनीय ठरते. इंजिनीअरिंगच्या भाषेत, शेवटच्या टप्प्यावर बॅकअपच नाही.

हा अधिकार क्वचित वापरला जातो, म्हणून तो निरुपद्रवी आहे, हा युक्तिवाद मला पटत नाही. ठराव नाकारणारे इतिहासकार डोलिंगर १८७१ मध्ये बहिष्कृत झाले. अचूकतेवर प्रश्न विचारणारे हान्स क्युंग यांची कॅथलिक धर्मशास्त्र शिकवण्याची परवानगी १९७९ मध्ये काढून घेतली गेली. नियमाची व्याप्ती छोटी असली, तरी त्याची सावली मोठी पडते. अंतिम शब्द कुणाचा, हे ठरवणं कोणत्याही संस्थेला भागच असतं. पण त्या शब्दावर शंका घेणाऱ्याला आत जागा उरते का, यावरच तिची खरी परीक्षा होते.